पत्रकावरची नावं

विडी कारखान्याच्या फाटकाशी राजम्माने हातात आलेलं पत्रक वाचलं नाही, ते दोन्ही तळहातांत दाबून धरलं. विधानसभेच्या प्रचारात हल्ली सगळेच तसं करत. हाताच्या उबेने मजकुराखाली देणगीदारांची नावं उमटत.

समोर उभ्या असलेल्या उमेदवार शकुंतला बोद्धूल यांचा जीव टांगणीला लागला. महिन्यापूर्वी परराज्यातल्या एका तंबाखू कंपनीने त्यांच्या प्रचारासाठी विडी कामगार संघटनेला मोठी देणगी देऊ केली होती. शकुंतलाबाईंनी साफ नको म्हटलं होतं, पण संघटनेचे सचिव येमूल "बघू" एवढंच बोलले होते. पत्रकं त्यांनीच छापून आणली होती. ती उबवून पाहायचं धाडस शकुंतलाबाईंना झालं नव्हतं.

राजम्मा वाचू लागली, "कासम्मा दासरी, पद्मा बिंगी, हुसेनबी शेख..." नावं संपेनात. सगळ्या विड्या वळणाऱ्या बायका. कंपनी कुठेच नव्हती.

शकुंतलाबाईंचा श्वास मोकळा झाला. "मला सांगायचं तरी," त्या शेजारी उभ्या असलेल्या येमूलांना म्हणाल्या.

"सांगितलं असतं, तर तुम्ही यांच्याकडूनही घेतलं नसतं. संघटनेच्या सभेत बायकांनीच ठरवलं, कंपनीचं नको, आपण देऊ."

राजम्माने पत्रकाची घडी कमरेला खोचली. "आमदार झालीस की आधी मजुरीचं बोल. नाहीतर तुझ्या दारात येऊन बसू."

"या की," शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि कित्येक दिवसांनी मनापासून हसल्या. कंपनीला नव्हे, या बायकांना जाब द्यायचा होता, आणि ते त्यांना जमणार होतं.