चंद्रावरचा ठसा

लेकीचं बाळंतपण उरकून ती दवाखान्यातून घरी आली, तेव्हा नवरा सुती हातमोजे चढवून टेबलाशी बसला होता. समोर नवं नाणं. बाहेर पितळी कडं, आत रुपेरी चंद्र, चंद्रावर अंतराळवीराच्या बुटाचा ठसा. "नात झाली," ती म्हणाली. "कळलं की. निघतच होतो, तेवढ्यात नाणेवाला आला. अंतराळमालिकेतलं हे एकच राहिलं होतं. पुन्हा मिळालं नसतं गं!" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि लेक काय उद्या पुन्हा बाळंत होणार होती?" "हळू बोल. आणि हात नको लावूस, घामाचा ठसा धातूवर कायमचा उमटतो." लेकीला या माणसाने कधी इतकं जपून उचललं नव्हतं. लेकीने कळा देताना आवळून धरलेला हात तिने तसाच पुढे केला आणि अंगठा चंद्रावर दाबला. "घ्या. नातीच्या जन्माची आठवण. जपा आता."