वरची चौकट

"मावशी, हे चित्र तुमचंच ना? पहिल्या वर्षीचं?"

टेक्निशियन मुलगी दारातूनच विचारत आली. तिच्या हातात एक छापील कागद होता आणि चेहऱ्यावर दुसऱ्याचा घोळ आपल्याला निस्तरावा लागणार, असा वैताग.

ताई तिच्या चांगल्या ओळखीची. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत वर्षागणिक काय बदलतं याचा इथे अभ्यास चालला होता आणि ताईची ही चौथी खेप होती. शिरेत औषध टोचून घ्यायचं, तीन तास थांबायचं, मग कॅमेरा डोक्याभोवती फिरेपर्यंत अर्धा तास दगडासारखं पडून राहायचं. चित्र कसं वाचायचं तेही याच मुलीने तिला शिकवलं होतं. निरोगी मेंदूत मधोमध दोन काजू उजळलेले दिसतात. आजार आला की काजूच्या शेपट्या विझत जातात आणि वाटाणे उरतात. ताईच्या दोन्ही काजूंचे गेल्या वर्षीच वाटाणे झाले होते.

यंदा तुलनेसाठी रुग्णांची निरोगी भावंडंही हवी होती, म्हणून तिने धाकट्या भावाला आणलं होतं. बावन्न वर्षांचा, बंदरावर क्रेन चालवणारा, पण घरात अजून बाळ्याच. सकाळी फॉर्म भरताना त्याने नर्सना हसवून हसवून बेजार केलं होतं. 'तपासणीत काही आढळल्यास' याच्यापुढे दोन चौकटी होत्या. वरची 'कळवावे', खालची 'कळवू नये'. त्याने बेधडक खालच्या चौकटीत खूण केली. "माझ्या डोक्यात काय निघणार? निघाला तर भुसा निघेल. तो घरच्यांना माहीतच आहे."

ताईने चष्मा लावून कागद पाहिला. एक काजू, एक वाटाणा.

"माझं नाही हे," ती म्हणाली. "माझी डावीकडची शेपटी आधी गेली होती. यात उजवीकडची गेलीये."

"पण तारीख आजची आहे. मला वाटलं, तुमचंच जुनं चित्र चुकून आजच्या..."

मुलगी बोलता बोलता थांबली. आज दोघांचीच चित्रं काढली होती. तिने कागद हळूच पालथा केला.

"मी तुम्हाला हे दाखवायला नको होतं."

"बाळ्याचं आहे?"

मुलगी दाराकडे बघत म्हणाली, "त्यांनी 'कळवू नये' म्हटलंय. आता याच्यावर नावाऐवजी नंबर पडणार आणि हे फायलीत जाणार. डॉक्टरसुद्धा त्यांना सांगू शकत नाहीत."

स्वतःचं कळलं तेव्हाही ताई इतकी घाबरली नव्हती. बाळ्याला कळलं तर क्रेनवरून उतरावं लागणार, आणि क्रेनखेरीज त्याला आयुष्यात दुसरं काही जमलेलं नव्हतं. नाही कळलं तर तो तीस मीटर उंच केबिनमध्ये बसून कंटेनर उचलत राहणार, आणि खाली माणसं वावरत असणार.

"माणसाला मत बदलता येतं का गं?"

"येतं. पण खूण त्यांनी स्वतः करायला हवी."

"मग आण कोरा फॉर्म."

मुलगी फॉर्म देऊन आत गेली, तोवर बाळ्या चहा घेऊन आला. सांडू नये म्हणून ताईचा कप त्याने नेहमीसारखा अर्धाच भरून आणला होता.

"कसली खलबतं चालली होती?"

"फॉर्म परत भरायचाय."

"सकाळचा काय बकरीने खाल्ला?"

हसतच त्याने फॉर्म मांडीवर घेतला, नाव लिहिलं आणि पेन थेट खालच्या चौकटीकडे नेलं. ताईने त्या चौकटीवर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं, पण तिथून हटलं नाही.

"वरच्या चौकटीत कर."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"ताई, सकाळची खूण मी गंमत म्हणून केली नव्हती."

"कधीपासून?"

"दोन-तीन महिने झाले. लिव्हर ओढायचा म्हटलं की हात जरा उशिरा निघतो. सांगून उपयोग काय? तुझ्याकडे पाहतोच आहे ना मी चार वर्षं."

असं तो तिला कधी बोलला नव्हता. ताईला लागलं, पण तिने तो घोट गिळला.

"आणि तरी रोज वर चढतोस?"

"सांभाळून चालवतो."

"खाली माणसं असतात, बाळ्या."

समोरून एक वॉर्डबॉय रिकामी खुर्ची ढकलत गेला. तो वळणाआड जाईपर्यंत बाळ्या त्याच्याकडे बघत होता. ताईला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण चौकटीवरचं बोट काढायचा तिला धीर होईना.

शेवटी त्याने वरच्या चौकटीत खूण केली. खाली सही केली. मग उठून दार ढकललं आणि फॉर्म आत दिला.

"घ्या. सांगा आता काय सांगायचं ते."

"मला नाही सांगता येत, काका," मुलगी म्हणाली. तिने फॉर्म नीट तपासला आणि सहीवर शिक्का मारला. "डॉक्टर सांगतील. सोमवारी सकाळी दहाला याल?"

"सोमवारी माझी सकाळची पाळी असते," बाळ्या म्हणाला.

मुलीने वहीचं पान उलटलं आणि दुसरा वार शोधायला लागली.

"नको, सोमवारच लिहा," तो म्हणाला. "मोकळाच आहे मी."