उलटी घडी

"वहिनी, आधी कोऱ्या कागदाची घडी घालून पानांना आकडे टाक, नाहीतर शेवट आधी येईल," नणंदेने बजावलं होतं. ती स्वतःची कॉमिक्स स्वतःच छापून विकते. मी म्हटलं, "अगं, लंगोटांच्या घड्या घालून हात बसलाय माझा!"

आज प्रदर्शनात माझं पहिलंवहिलं कॉमिक तिच्या टेबलावर मांडलं आणि बघते तर काय! सगळ्या प्रती उलट्या दुमडलेल्या! गोष्ट अशी की, एक आई दिवसभर, बाळ झोपलं की, त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत असते. शेवटी ती दमून झोपते आणि बाळ तिच्या नाकाखाली बोट धरतं. ते शेवटचं चित्र आता सगळ्यांत आधी!

"गुंडाळूया गं," मी पुटपुटले. तोवर एका कॉलेजच्या मुलीने प्रत उचललीसुद्धा. पहिल्याच चित्राला ती खुदकन हसली, मग एकेक पान उलटत शेवटपर्यंत वाचत गेली.

"अय्या, म्हणजे बाळ हे आईकडूनच शिकलं होय!" असं म्हणत तिने दोन प्रती घेतल्या आणि तिथेच फोन लावला. "आई, काही नाही गं, सहजच केला. बरी आहेस ना?"

नणंदेने मला कोपराने ढोसलं. "खबरदार घडी सरळ केलीस तर!"

दुपारपर्यंत टेबल रिकामं झालं. एक प्रत तुमच्यासाठी मागे ठेवलीय. पण ती उघडण्याआधी, तुमची आई बरी आहे ना, तेवढं बघून या.