सेव्ह झाले नाही

सर्व्हरची डिस्क मुद्दाम काठोकाठ भरून प्रोग्रामरने स्पीच थेरपिस्टबाईंना खूण केली. बाई मायक्रोफोनसमोर वाकून "एक, दोन, तीन" म्हणाल्या आणि त्यांनी सेव्हचं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : सेव्ह झाले नाही. जागा शिल्लक नाही.

"असं दिसायला हवं होतं," तो म्हणाला.

"किती वेळ लागला हे करायला?"

"तासभर." मग त्याला राहवेना. "कोडच्या दोनच ओळी होत्या."

घशाच्या ऑपरेशनआधी माणसं हॉस्पिटलच्या या खोलीत आपला आवाज साठवून ठेवायला येत. इथलं रेकॉर्डिंग तळघरातल्या सर्व्हरवर जाई. ते तिथे पोचायच्या आतच पडद्यावर हिरवं 'सेव्ह झाले' झळके. वाटेत काही फसलंच, तर त्याची नोंद कुणी कधी न उघडणाऱ्या फाइलीत जाऊन पडे. चार वर्षांपूर्वी सोबत काम करणाऱ्या एकीने त्याला विचारलं होतं, "फसलं तर माणसाला सांगायचं ना?" त्यावर हाच प्रोग्रामर हसला होता. "लोक उगाच घाबरतात गं. आपण मागच्या मागे परत पाठवू की." ते परत पाठवायचं काम राहूनच गेलं होतं.

"दोघं बाहेर बसलेत," बाई म्हणाल्या. "रेकॉर्डिंग न्यायला पेन ड्राइव्ह घेऊन आलेत. मी अजून काही बोललेले नाही."

"मी सांगतो."

सुतारकाका आत आले. गळ्याशी पांढरी पट्टी होती. मागोमाग काकू. प्रोग्रामरने उभ्याउभ्याच सांगून टाकलं : ऑपरेशनआधी सहा दिवस केलेल्या रेकॉर्डिंगमधलं काहीही उरलेलं नाही. शोधायचं तेवढं शोधून झालं.

"अहो, पण हिरवं आलं होतं की!" काकू म्हणाल्या. "रोज निघताना मी दारातून बघायचे ना!"

"ते हिरवं खोटं होतं, काकू. मीच तसं करून ठेवलं होतं."

शिव्या खायची त्याची तयारी होती. काकूंनी नुसताच पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

"बोलताना हे मला बाहेर बसवायचे," त्या म्हणाल्या. "तू समोर असलीस की सुचत नाही, म्हणे. मीही म्हटलं, घाई कसली, घरी सावकाश ऐकू." त्या नवऱ्याकडे वळल्या. "काय काय बोललात हो?"

काकांनी खिशातून छोटी वही काढली. पेन्सिलीने दोन शब्द लिहिले, खोडले, वही मिटली. मग खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लागेल असे ते काकूंसमोर बसले आणि नुसते ओठ हलवू लागले.

"हळू," काकू त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या. "मला नाही कळलं. पुन्हा पहिल्यापासून."

प्रोग्रामरला तिथून निघून जायचं होतं. पण दार त्या दोघांच्या पलीकडे होतं.