डावा हात

उजवी खुर्ची त्याच्या सवयीची होती. सैन्याच्या हेलिकॉप्टरमध्ये कमांडर तिथेच बसतो. प्रवासी विमानात मात्र ती दुय्यम वैमानिकाची. डावीकडे, कॅप्टनच्या खुर्चीत, त्याच्याच हाताखाली हेलिकॉप्टर शिकलेली जुनी शिष्या होती. ती सैन्यातून लवकर बाहेर पडली होती आणि आज त्याची परीक्षक होती.

सिम्युलेटरमधलं विमान खोटं, परीक्षा खरी. दोनदा त्याने ते धावपट्टीच्या अलीकडेच आपटलं होतं. जमीन अंगावर आली की त्याचा डावा हात दांडा खेचायचा. हेलिकॉप्टरमध्ये डाव्या हाताचा दांडा वर खेचला की ताकद मिळते. विमानात इंजिनांचा दांडा मागे खेचला की इंजिनं गप्प होतात.

"सर, ही शेवटची संधी. मला हात लावावा लागला, तर नापास."

"कळलं, मॅडम."

"मॅडम? तेव्हा तर गाढव म्हणायचात."

"तेव्हा परीक्षा तुझी होती."

सैन्यातून राजीनामा देऊन झाला होता. परत जायला जागा नव्हती.

वेग घसरला. धोक्याचा भोंगा वाजू लागला. समोरच्या काचेत जमीन झपाट्याने मोठी होत गेली. दांड्यावरचा डावा हात जरासा मागे सरकला. मग दात आवळून त्याने दांडा पुढे रेटला. इंजिनं गरजली, विमानाचं नाक वर उचललं गेलं.

त्याने सुटकेचा निःश्वास टाकून शेजारी पाहिलं. तिने उजव्या मुठीत स्वतःचं डावं मनगट गच्च आवळून धरलं होतं.

"तुम्हीच शिकवलेला हात आहे, सर," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली, अजून माझं ऐकत नाही."