आता हिंदीत म्हणा

“माझ्या उजव्या हातात घोडा झोपला,” नरहरी म्हणाला.

“क्या बात है!” त्याचा कविमित्र दिवाकरनं मांडीवर थाप मारली. गुलाबराव म्हणाले, “भैया, पुन्हा एकदा!” नरहरी पुन्हा तेच म्हणाला, जरा ओढून. दोघं आणखीच खूश.

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात, नरहरीच्या घरच्या त्या बैठकीत दर रविवारी हेच चालायचं. नरहरी देवपुजारी म्हणजे अतिवास्तववादी कवी. त्याच्या कवितेत मासे सायकल चालवायचे आणि चंद्र रेशनच्या रांगेत उभा राहायचा. पोटाला रेल्वेची नोकरी, जिवाला मराठी-हिंदी अनुवाद. आता छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, तर आपल्या कवितेचंही भलं होईल असं मंडळींना वाटून राहिलं होतं. वाटू द्या बिचाऱ्यांना.

पद्मिनी पोहे घेऊन आली आणि दारातच थबकली. नवऱ्याची कविता तिला उभ्या संसारात कळली नव्हती, आणि तसं ती त्याच्या तोंडावर सांगायची. पण त्याची खोड तिला पक्की ठाऊक होती. ओळ सुचली की तो ती लगेच हिंदीत म्हणून बघायचा. हिंदीत तग धरला नाही तर मराठीतूनही हाकलायचा. आज घोडा दोनदा आला, हिंदी एकदाही आली नाही.

“आता हिंदीत म्हणा,” ती म्हणाली.

नरहरीनं तोंड उघडलं. शब्द फुटेना. ओठ एका बाजूला ओघळले होते.

“अगं बाई!” पोहे तिथंच सांडले. “दिवाकरभाऊ, उठा, गाडी काढा!”

“वहिनी, ओळ तर पुरी होऊ द्या...”

“चुलीत घाला तुमची ओळ! माणूस चालला माझा, दिसून नाही राहिलं काय तुम्हाले?”

समता कॉलनीतल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं भराभर तपासलं, सुई लावली. “जल्दी ले आए, अच्छा हुआ,” तो म्हणाला. मग नरहरीवर वाकला. “अंकल, कैसा लग रहा है?”

नरहरी धडपडला. “समुद्राले... कुलूप... पोट्टं आत राहिलं.”

डॉक्टरनं गोंधळून पद्मिनीकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते.

“डर लग रहा है, बोल रहे हैं,” ती म्हणाली.

दुसऱ्याच्या अनुवादात चूक काढल्याशिवाय ज्याला घास उतरत नसे, त्या नरहरीनं हळूच मान डोलावली.