पासवर्ड टाइप होतो, दिसत नाही

पासवर्ड काही केल्या टाइप होईना. सुदामने एकेक कळ ठासून दाबली, पण कॉम्प्युटरच्या त्या काळ्या खिडकीत एक टिंबसुद्धा उमटलं नाही. त्याने कीबोर्ड उलटा करून झटकला. बिस्किटाचा चुरा तेवढा पडला.

"मेला हा," त्याने जाहीर केलं.

रखमा तांदूळ निवडत होती. "कालपण मेला होता," ती म्हणाली आणि पुढचा खडा शोधू लागली.

सुदाम गमरे अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होता. नुसत्या आवाजावरून कॉम्प्रेसरचं दुखणं ओळखणारा माणूस, पण या खोक्यापुढे त्याची मती गुंग व्हायची. खोकं उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून जोडून आणलेलं. पोराने, सम्यकने, बंगळुरूला नोकरीवर जाण्याआधी पोस्टाने फुकट आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स घातलं. याला व्हायरस लागत नाही, म्हणाला. व्हायरस लागला नाही, पण सुदामच्या डोक्याला ताप लागला. आधी अक्षरं विटेएवढी दिसू लागली. ती लहान करायला गेला, तर खालची पट्टीच गायब झाली. आणि मराठी लिहायला घेतलं की ‘विहार’मधली वेलांटी ‘व’ला सोडून ‘ह’ला जाऊन चिकटायची.

चैनीसाठी असतं, तर त्याने ते केव्हाच माळ्यावर टाकलं असतं. पण भीमजयंतीच्या स्मरणिकेचा प्रश्न होता. गेली अकरा वर्षं स्मरणिका चिंतामणीच्या टायपिंगच्या दुकानात तयार व्हायची. तीन वर्षांपूर्वी त्याने सुदामच्या वडिलांच्या श्रद्धांजलीवर भलत्याच माणसाचा फोटो छापला. पाचशे प्रती वाटून झाल्यावर ते ध्यानात आलं. चिंतामणी माफी मागायला दारात आला, तेव्हा सुदामने त्याला घरात घेतलं नाही, पाणीही विचारलं नाही. ते दुःख त्याच्या मनातून अजून गेलं नव्हतं. म्हणूनच यंदा तो जयंती समितीच्या सभेत उठून म्हणाला होता, "स्मरणिका मी घरच्या घरी करतो. जयंतीआधीच्या गुरुवारपर्यंत झाली नाही, तर चिटणीसपद सोडतो आणि काम जाऊ दे त्या चिंतामणीकडे."

आता त्या गुरुवारला तीनच आठवडे उरले होते.

फोनवर सम्यक सारखा मीटिंगमध्ये असायचा. त्यानेच मराठीतून लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका ई-मेल गटाचा पत्ता दिला. सुदामने रोमन अक्षरांत, पण अर्जाच्या थाटात पत्र लिहिलं. सप्रेम जयभीम, विषय काळ्या खिडकीत कीबोर्ड बंद पडणेबाबत, आणि खाली पूर्ण नाव, हुद्दा, समिती, बुवापाडा, अंबरनाथ.

दुसऱ्या दिवशी दुपारी ‘पिवळीचोच’ अशा नावाने उत्तर आलं. ‘कीबोर्ड ठीक आहे. पासवर्ड टाइप होतो, फक्त दिसत नाही. न बघता लिहा आणि एंटर दाबा.’

सुदामने दाबलं. चाललं. त्याला इतका आनंद झाला की त्याने रखमाला स्वतः चहा करून दिला.

तिथून रोजचा पत्रव्यवहार सुरू झाला. पट्टी परत आली, अक्षरं माणसात आली. इतकं बिनचूक समजावणारा माणूस पुण्याचाच असणार, हे सुदामने ठरवून टाकलं. उत्तरं नेहमी दुपारी दोन ते चारच्या मध्ये यायची. शुक्रवारी यायचीच नाहीत. शुक्रवारी अंबरनाथला दिवसभर वीज नसायची, कंपनीलाही सुट्टी. सुदाम घरात घामाघूम बसून राहायचा. पुण्याच्या माणसाला शुक्रवारी काय धाड भरते, ते मात्र त्याला समजायचं नाही.

पत्रात तो मनातलंही लिहू लागला. चिंतामणी कसा बेफिकीर, कसा नालायक, आपल्या बापाची त्याने कशी विटंबना केली, सगळं. पिवळीचोच त्यावर अवाक्षर काढायचा नाही. फक्त फाँट कुठून घ्यायचा, कुठली आज्ञा कशी लिहायची, तेवढंच. एकदा मात्र शेवटी एक ओळ जास्त होती. ‘वडिलांचा फोटो मोठा घ्या, पूर्ण पान द्या.’

शेवटच्या आठवड्यात मंगळवारी सुदाम कंपनीतून येत होता, तेव्हा चिंतामणी दुकानाच्या पायरीवर उभा होता.

"कुठवर आलं, सुदामभाऊ?"

"झालं म्हणून समज."

"मधेमधे सेव्ह करत जा."

सुदामने मान वळवली आणि चालू लागला. हा आता मला शिकवणार, असं पुटपुटत तो घरापर्यंत गेला.

बुधवारी रजा टाकून त्याने शेवटचा हात फिरवला. वेलांट्या आपापल्या जागी होत्या. बाराव्या पानावर वडील होते, फेटा बांधलेले, पूर्ण पानभर. रखमाने हातातलं काम टाकलं आणि पदराला हात पुसून पडद्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली.

मग त्याने संपादकीय लिहिलं. त्यात एकाच माणसाला नाव घेऊन झोडपलं. ‘चिंतामणीसारख्या बेजबाबदार माणसाच्या हातून स्मरणिका सुटली, हेच यंदाचं यश.’ लिहून झाल्यावर त्याला फार हलकं वाटलं. शेवटच्या पानावर आभार होते. तिथे एक जागा रिकामी ठेवून त्याने सगळी फाईल पिवळीचोचला पाठवली. सोबत लिहिलं, ‘साहेब, आपण नसतात तर माझी लाज गेली असती, आपलं खरं नाव कळवा, सर्वांत वर घालतो.’

उत्तर पावणेतीनला आलं.

‘स्मरणिका सुंदर झाली आहे. या वेळी फोटोही बरोबर आहे. आभारांत माझं नाव नको. संपादकीयात आलंय, तेवढं पुरे.’